किती झालं तुमच्याइकडे?

वसंत ऋतू अमरावतीत नेमका कधी येतो असं मला विचाराल, तर मी वेळेसकट सांगेन. पहाटे पाचला येतो आणि साडेआठला जातो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंत असा तो दहा-बारा दिवस ये-जा करतो. त्या दिवसांत जाग येते तेव्हा रात्री अंगावर घेतलेली गोधडी पायाशी गेलेली असते, आणि ती कोणी ढकलली यावरून नवराबायकोत वाद होत नाही. हे ऋतू बदलल्याचं पहिलं लक्षण. पंखा एकवर हवासा वाटतो, दोनवर नकोसा. कंपाउंडापलीकडच्या आंब्याला मोहर आलेला असतो, त्याचा वास थेट चहाच्या कपात उतरतो. अंगात विनाकारण उत्साह भरतो. मागच्या वर्षी अशाच एका सकाळी मी दूधवाल्याला 'काल दूध पातळ होतं' हे सांगायचं विसरलो आणि वर त्याच्या म्हशीची तब्येत विचारली. समोरचे काका दिवाळीपासून माझ्या फाटकासमोर स्कूटर लावतात, म्हणून आमचं बोलणं बंद होतं. त्यांनाही मी आपण होऊन म्हणालो, "काय म्हणता काका, मस्त हवा सुटून राह्यली!" तेही "हाव ना!" म्हणाले. आम्ही पंधरा मिनिटं आंब्याच्या मोहरावर बोललो. साडेआठला ऊन मानेवर आलं. पावणेनऊला मी ऑफिसला निघालो तेव्हा स्कूटर फाटकासमोरच होती. बोलणं पुन्हा बंद झालं, ते आजतागायत बंद आहे.

शाळेत आम्ही चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू असं पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्कही मिळवले. ज्यानं हे वेळापत्रक आखलं तो गृहस्थ वैशाखात दुपारच्या गाडीनं अकोला स्टेशनावर उतरला नसावा. मराठी भाषेला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. तिनं चैत्राला पालवी दिली आणि वैशाखाच्या पदरात वणवा टाकला. वऱ्हाडी बोली त्याच्याही पुढे गेली. तिनं उन्हाळ्यातला ळ काढून 'उन्हाया' केला. भाषेचे जाणकार याची काही वेगळी कारणं देतील, पण माझं मत असं आहे की चव्वेचाळीस डिग्रीत जीभ वळवून ळ म्हणण्याइतका ओलावा तोंडात उरत नाही.

तसं वसंताशी विदर्भाचं नातं जुनं आहे. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' वसंतोत्सवात करायचं नाटक, आणि त्यातली मालविका विदर्भाची राजकन्या. पण नाटक घडतं विदिशेला. रुक्मिणी आमच्या कौंडिण्यपूरची. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णानं तिला नेलं, असं आम्ही मानतो. नेलं कुठं, तर द्वारकेला, ऐन समुद्रकाठी. दमयंती गेली निषध देशाला, इंदुमती अयोध्येला. एवढ्या नावाजलेल्या लेकी, पण एकीनंही इथलाच नवरा केला नाही. पुराणकार याला स्वयंवर म्हणतात, हरण म्हणतात. मला यात हवामानाचा हात दिसतो. 'येऊन मला घेऊन जा' असा निरोप रुक्मिणीनं कृष्णाला नेमका कुठल्या महिन्यात धाडला, यावर कुणीतरी पीएच्. डी. करायला हवी.

माझी बायको त्या मानानं निष्ठावान निघाली. ती अकोल्याची. सासरी आली ती शंभरेक किलोमीटर पूर्वेला, अमरावतीला. किलोमीटरमध्ये अंतर एवढंच. डिग्रीत मोजलं तर एक-दीड डिग्रीचं. हा एक-दीड डिग्रीचा फरक आमच्या संसारात बावीस वर्षं तापतो आहे.

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो, आमच्याकडे तशीच रीत आहे. मामाजी जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. त्यामुळे आकड्याला ते फार जपतात, दशांश चिन्हासकट. मार्चची एक तारीख उजाडली की रोज संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन येतो.

"जवाईबापू, किती झालं तुमच्याइकडे?"

"सदतीस झालं मामाजी."

"बस?"

एवढं बोलून ते थांबतात. तो 'बस' माझ्यात पुरता जिरू देतात. मग सावकाश म्हणतात, "आमचं अडतीस पॉइंट सहा." यानंतर आमच्या तब्येतीची चौकशी, नातवाचा अभ्यास, तुरीचा भाव वगैरे. पण त्यांचा आवाज त्या 'बस'नंच खुललेला असतो. हिवाळाभर सांध्यांनी बेजार असलेला हा माणूस अडतीसच्या पुढे पारा गेला की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. एप्रिलात अकोल्यानं पंचेचाळीस ओलांडलं त्या संध्याकाळी फोनवर ते मला ओळखूच आले नाहीत. वाटलं, साळेबुवा बोलून राह्यले.

आता यात हसण्यासारखं काही नाही. माणसाला कशात तरी पहिला नंबर लागतो. मुंबईला पैशात आहे, पुण्याला मतात आहे, कोल्हापूरला रश्श्यात आहे. आम्हाला कापसाला भाव नाही, कारखाने नाहीत, समुद्र नाही. सरकारनं दिलं नाही ते सूर्यानं दिलं. अकोल्याचा विक्रम ४७.८ अंशांचा, २२ मे १९४७ चा. माझी बायको हा आकडा तिच्या माहेरच्या दागिन्यासारखा जपून आहे. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने बाकी होते तेव्हा, असं ती आवर्जून सांगते. जणू शेवटी इंग्रज गेला तो अकोल्याच्या उन्हानंच. मग २०१९ चा एप्रिल. त्या महिन्याच्या २६ तारखेला जगातल्या सगळ्यात तापलेल्या पंधरा गावांची यादी निघाली, आणि पंधराच्या पंधरा गावं भारतातली. त्यात मध्य प्रदेशातलं खरगोन ४६.६ वर पहिलं, अकोला ४६.४ वर दुसरं. मामाजी आठवडाभर हळहळले. सुवर्णपदक शून्य पॉइंट दोननं हुकलं की माणूस हळहळणारच. "दुपारी जरा ढग आले होते," असं ते अजून सांगतात.

हे ऊन आमच्याच वाट्याला का, याचं उत्तर नकाशात आहे. उत्तरेला सातपुड्याचे गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णेचं सपाट काळं खोरं. याला जुन्या कागदांत पयानघाट म्हणतात. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मार्चनंतर वारा येतो तो वायव्येकडून, कोरडा खडखडीत. काळी माती दिवसभर तापते आणि तापलेला तवा दोन्ही बाजूंनी डोंगरांनी धरून ठेवलेला. भाकरी आम्ही.

उबदार हवेनं माणसाचा मूड सुधारतो, यावर परदेशात संशोधन झालं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली ते छापलं. हिवाळा संपून हवा चांगली झाली की माणसाचं मन आणि डोकं दोन्ही बरं चालतं, पण अट अशी की त्यानं घराबाहेर पडायला हवं, निदान अर्धा तास. नुसतं खिडकीतून बघून भागत नाही. आणि पुढे ऊब वाढून उन्हाळा झाला की गणित फिरतं, पारा चढेल तसा मूड उतरतो. सगळ्यात बरं वाटतं ते वीस-बावीस अंशांच्या आसपास. मी हे सगळं मामाजींना फोनवर नीट समजावून सांगितलं.

"वीस-बावीस?" मामाजी म्हणाले. "ते कोणं मोजलं? फ्रिजमध्ये बसून काय?"

"तिकडची हवाच तशी असते मामाजी."

"अन् त्याईच्या उन्हायात किती होते?"

"तीस-बत्तीस."

"मंग त्याईले उन्हायाचं काय माहीत!" संशोधन तिथंच निकालात निघालं.

माझा भाचा जर्मनीत असतो. त्यानं एकदा एप्रिलमध्ये फोटो पाठवला. बागेतल्या गवतावर हाफ पँट आणि बनियन घालून उताणा पडलेला, चेहऱ्यावर ब्रह्मानंद. खाली लिहिलेलं, 'फायनली १८ डिग्री!' आईनं चष्मा लावून फोटो बघितला आणि घाबरली. "काहून उघडा पडला हा? बिमार हाये काय?" मी सांगितलं, बिमार नाही, तिकडे सहा महिने ढगच असतात, ऊन निघालं की सगळं गाव असं गवतावर येऊन पडतं, खुशीनं. आईनं पुन्हा फोटो बघितला. "अन् इथं होता तवा किराण्याच्या दुकानात पाठवला तं म्हने, आजी ऊन लागते." पोट्ट्याचं हे ढोंग तिनं अजून माफ केलेलं नाही.

आमच्या घराघरांत मूड सुधारायचं काम जे यंत्र करतं, ते गवतात नाही, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर असतं. कूलर. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं की एसी आले, आता कूलर गेले. वऱ्हाडातून कूलर जात नाही. ओल्या ताट्यांतून हवा ओढायची, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता खातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त खातं. मुंबईच्या दमट हवेत कूलर म्हणजे घरभर घाम वाटायचं यंत्र. आमची एप्रिलातली हवा मात्र पापडासारखी, त्यामुळे शे-दोनशे लिटर पाण्यात रोज रात्री चिखलदरा घरी येतं.

पण त्याआधी कूलर उघडावा लागतो. ते काम होळीच्या आदल्या रविवारचं. आठ महिने ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या त्या पेटीला एकदम हात लावायचा नसतो. आधी प्लग काढायचा, मग काढलाय ना हे बायकोला विचारायचं, मग स्वतः जाऊन बघायचं, आणि तरीही पहिला स्पर्श उलट्या पंजानं करायचा. वऱ्हाडातला कुठलाही बाप पोराला सायकलच्याही आधी हे शिकवतो. मी गेल्या वर्षी मागची ताटी उपसली तर आत खारीनं संसार थाटलेला. बाळंतपण आटोपून ती निघून गेली होती, घरटं ठेवून. घरट्यात कूलरचंच गवत, नारळाच्या शेंड्या आणि जांभळी लोकर होती. लोकर बायकोनं ओळखली. दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या स्वेटरची. त्या स्वेटरवरून मी जे ऐकून घेतलं होतं, त्याची भरपाई म्हणून मी खारीचं घरटं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. कुणी क्षमा मागितली नाही.

जुन्या ताट्या तोवर दगड झालेल्या असतात. पाण्यातला क्षार गवताच्या काडीकाडीवर बसून पांढरी जाळी होते, वर थाप मारली की पापुद्रे गळतात. मामाजींच्या कूलरचं तर विचारू नका. पूर्णेच्या काठचा तो खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणीच खारं. त्यांच्या बोअरचं पाणी एक उन्हाळा प्यायलेली ताटी मी एकदा उचलली तर हातात मीठभाकरी धरल्यासारखी वाटली. मग इतवाऱ्यात जाऊन नवं गवत आणायचं. दुकानदार तीन प्रकार दाखवतो, तिन्हींमधला फरक त्यालाही कळत नाही, आपण मधलं घेतो. वाळ्याच्या ताट्या हव्यात असं बायको दरवर्षी म्हणते आणि भाव ऐकून दरवर्षी आपणच नको म्हणते. घरी येऊन गवत विंचरायचं, जाळीत भरायचं, तारेनं बांधायचं. नळ आलेला असेल तर पाइपनं, नाहीतर बादलीनं टाकी भरायची. पंप पहिल्यांदा गुरगुरतो, पाणी ओढत नाही. त्याला दोन चापट्या मारल्या की ओढतो.

आणि मग बटण. आधी आठ महिन्यांची धूळ, वाळलेली पानं आणि एक पिवळं तिकीट खोलीत येतं. सगळे खोकतात. त्यानंतर, मिनिटभरानं, कोऱ्या गवतावर पडलेल्या पहिल्या पाण्याचा वास येतो. पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास कवी लोक डोक्यावर घेतात, त्याच्या बरोबरीला मी हा वास बसवतो. आई, बायको, मुलगा आणि मी पलंगावर एका रांगेत कूलरकडे तोंड करून बसतो, सिनेमाला बसावं तसे. कोणी बोलत नाही. मुलगा शर्टाचं वरचं बटण उघडतो. आई म्हणते, "आता बरं वाटलं माय." त्या पाच मिनिटांत आमच्या घरात कोणाचं कोणाशी भांडण नसतं. शहाण्या माणसानं आपल्या मनातल्या अवघड गोष्टी, म्हणजे मित्राला उसने दिलेले पैसे वगैरे, याच पाच मिनिटांत सांगून टाकाव्यात. मी सांगितले. कूलरच्या आवाजात नीट ऐकू गेलं नाही, हे अजून बरं.

त्या संध्याकाळी साडेसातला फोन आलाच. "कूलर लावला? आत्ताच?" मामाजी कमालीचे दुखावले. "आमी तं बेचाळीसच्या खाली त्याले हातई लावत नाई." मागून मामींचा आवाज आला, "काल रातीच लावला हो!" फोन कट झाला.

खरा वसंत बघायचा असेल तर मात्र गाव सोडून वर जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी होळीला मी मामाजी-मामींना घेऊन मेळघाटात गेलो. परतवाड्याच्या अलीकडे संत्र्याच्या बागा लागल्या. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, झाड आता जातं की काय असं वाटतं, आणि मग पाणी दिलं की ते फुलून येतं. जानेवारी-फेब्रुवारीत वरूड-मोर्शीकडे गाडीची काच खाली केली तर या फुलांचा वास पुढच्या सीटवर येऊन बसतो. आम्ही गेलो तेव्हा फुलं सरली होती, हरभऱ्याएवढी फळं धरली होती. मामाजी बागेकडे बघून म्हणाले, "संत्र्याचं झाड अन् वऱ्हाडी माणूस सारखाच. ताण देल्याशिवाय बहर येत नाई."

"अन् ताण कोण देते?" मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या. पुढचे दहा किलोमीटर शांततेत गेले.

घाट सुरू झाला तसा पळस दिसायला लागला. एकही पान नाही आणि सगळं झाड केशरी. ज्या उन्हानं बाकीची झाडं अंग चोरतात, त्याच उन्हात हे झाड लग्नाला निघाल्यासारखं उभं. सकाळी लवकर निघाल्यामुळे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायाही दिसल्या. मोहाचा तो गोडसर, जडसर वास आला तेव्हा मामाजींनी काच खाली केली आणि मामींनी वर केली.

सेमाडोहच्या अलीकडे रस्त्यात दोर आडवा आला. पलीकडे पंधरा-वीस कोरकू बायामाणसं, ढोल, बासरी, आणि पोरांच्या चेहऱ्यांवर रंग. फगवा. मेळघाटात होळी एका दिवसात संपत नाही, चार-पाच दिवस चालते, आणि त्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्यानं फगवा द्यायचा असतो. कामाधंद्यासाठी लांब गेलेला कोरकू माणूस कुठूनही होळीला गावी येतो. दिवाळी चुकवेल, होळी चुकवणार नाही. मामाजी जिनिंगच्या सवयीनं घासाघीस करायला उतरले. त्यांचं वऱ्हाडी, समोरच्यांचं आपसात कोरकू. ही भाषा मराठीच्या नात्यातलीच नाही, मुंडा कुळातली. त्यामुळे मामाजींचे मुद्दे वाया गेले. पण एका म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि नाचात ओढलं. अकोल्यात अडतीसच्या खाली सांधे दुखतात म्हणणारे मामाजी ढोलावर बरोबर ठेक्यात पाय टाकायला लागले. दहा रुपयांवर अडलेले होते, शंभर देऊन आले. गाडीत बसल्यावर कपाळाचा गुलाल पुसू दिला नाही.

संध्याकाळी आम्ही चिखलदऱ्याला पोचलो. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच, इथं कॉफीसुद्धा होते. गार वारा सुटला होता. मी म्हटलं, "काय हवा आहे मामाजी!" मामाजींनी स्वेटर घातला, वर शाल घेतली आणि खिन्नपणे मोबाइलमध्ये तापमान बघितलं. चोवीस. "इथं काई दम नाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परतवाड्याला उतरल्यावर गरम झळ काचेतून आत आली तेव्हा कुठं ते हसले.

एप्रिल-मेबद्दल मी फार लिहीत नाही, तो वसंत नव्हे. दुपारी दुपट्टा डोक्याला असा गुंडाळायचा की फक्त डोळे दिसावेत, खिशात कांदा ठेवायचा, टरबूज घरी आणायचं आणि डांगर शेजाऱ्याकडचं खायचं. आणि लग्नाला जायचं. अख्खा महाराष्ट्र थंडीत लग्न करू शकतो हे माहीत असूनही आम्ही मुहूर्त काढतो तो मेचा. नवरदेव चव्वेचाळीस डिग्रीत थ्री-पीस सूट घालून घोड्यावर, घोडा त्याच्यापेक्षा समजूतदार चेहऱ्याचा, आणि मंडपात आलू-वांग्याच्या तर्रीवर पंगत बसलेली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि "अजून वाढा" चालूच.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. एक रस्त्याची. अमरावती-अकोला हमरस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. हा रस्ता बरोबर माझ्या घराच्या आणि सासुरवाडीच्या मधला, त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींनी तो आपापल्या नावावर लावून घेतला. डांबर गरम ठेवायचा खर्च अकोल्याच्या बाजूला कमी आला असणार, असं बायकोचं म्हणणं आहे. कतारवाल्यांना उन्हात हरवलं याचा आनंद मात्र आम्ही एकत्र साजरा केला.

दुसरी गोष्ट २०२४ ची. मेच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा इतका चढला की जिल्हाधिकाऱ्यांनी २५ ते ३१ मे कलम १४४ लावलं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसत्या उन्हामुळे जमावबंदी. कामाच्या जागी पाणी आणि पंखे ठेवा, शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असा आदेश. चांगलाच होता, मजुराच्या भल्याचा होता. पण मामाजींनी तो जाहीरनाम्यासारखा वाचून दाखवला. "लागलं काय कधी तुमच्या अमरावतीले?" वास्तविक मेच्या दुपारी अकोल्याच्या टिळक रोडवर पाच माणसं एकत्र जमवून दाखवणाऱ्याला इनाम द्यायला हवं. पण मी गप्प बसलो. बायको त्यांच्या बाजूनं हसत होती.

मग नवतपा येतो, २५ मेपासूनचे नऊ दिवस, आणि त्यानंतर एका जूनच्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या बाजूनं ढग चढून येतात. पाऊस पडतो. सगळं गाव गच्चीवर. बाकीच्या महाराष्ट्रात या दिवशी मूड सुधारतो. आमच्याकडे साडेसातला फोन वाजतो.

"किती झालं जवाईबापू?"

"अठ्ठावीस."

पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग, "आमचंई अठ्ठावीसच."

त्यापुढे बोलायला काही नसतं. पेरणी कधी, एवढं विचारून ते फोन ठेवतात, आणि पुढच्या मार्चपर्यंत फक्त सणासुदीला करतात.

आज मार्चची एक तारीख आहे. पहाटे वसंत येऊन गेला. अमरावतीत दुपारी छत्तीस पॉइंट दोन झालं, मी दोनदा बघून घेतलं. साडेसातला दहा मिनिटं कमी आहेत.